घरचा कॉम्प्युटर हळू न करणारा अँटीव्हायरस कसा निवडायचा?

आजचा विषय तसा घरगुती आहे, पण त्यात पैसे गुंतलेले आहेत आणि त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांची बँक खाती गुंतलेली आहेत.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. बंगळूरचा एचएसआर लेआउट, म्हणजे होसूर-सर्जापूर रोड लेआउट, हा आयटीवाल्यांचा भाग. इथे पीजीमध्ये आणि फ्लॅटमध्ये राहणारी मराठी मुलंमुली खूप आहेत. त्यांच्याकडे ऑफिसचा लॅपटॉप असतो, त्याची काळजी कंपनीचा आयटी विभाग घेतो. स्वतःचा जुना लॅपटॉप मात्र दिवाळीच्या बॅगेतून सांगलीला, सोलापूरला किंवा बेळगावला आई-बाबांकडे जातो. सहा-आठ महिन्यांनी फोन येतो, "अरे, हा फार हळू झालाय. बटण दाबून चहा करून आलं तरी चालू होत नाही." गल्लीतला दुरुस्तीवाला येऊन बघतो आणि सांगतो, "अँटीव्हायरस जड आहे, काढून टाकतो." खरंच तो काढतो, कॉम्प्युटर थोडा पळायला लागतो आणि सगळे खूश होतात.

त्याच कॉम्प्युटरवर बाबा मुदत ठेवी बघतात, पेन्शन जमा झाली का ते तपासतात, आधार आणि पॅनचे स्कॅन ठेवतात. म्हणून आजच्या भागाचं सूत्र एका वाक्यात सांगतो: जो अँटीव्हायरस कॉम्प्युटर हळू करतो, तो आज ना उद्या कुणीतरी बंद करतो. हलका असणं ही चैन नाही, तो सुरक्षेचाच भाग आहे.

अँटीव्हायरस नेमकं काय करतो?

तुम्ही एखादी फाइल उघडता, तेव्हा विंडोज ती थेट तुमच्या हातात देत नाही. मध्ये अँटीव्हायरस उभा असतो. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा तो प्रत्येक फाइलला थांबवून बघतो. हा वॉचमन तीन प्रकारे तपासतो.

पहिला प्रकार म्हणजे ओळखीच्या गुन्हेगारांची यादी. फाइलचा ठसा यादीतल्या ठशाशी जुळतो का, हे पाहायचं. दुसरा प्रकार म्हणजे वागणूक. एखादा प्रोग्रॅम धडाधड सगळे फोटो आणि कागदपत्रं कुलूपबंद करायला लागला, तर यादीत नाव नसलं तरी त्याला अडवायचं. तिसरा प्रकार म्हणजे फोन करून विचारणं. अनोळखी फाइल दिसली की कंपनीच्या सर्व्हरला इंटरनेटवरून विचारलं जातं की ही कुठे दिसली आहे का.

हे सगळं लागतं, कारण जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था सांगते की तिच्याकडे रोज साडेचार लाखांहून जास्त नवे घातक किंवा नको असलेले प्रोग्रॅम नोंदले जातात. नुसती यादी ठेवून भागणारच नाही.

आता तुमच्या लक्षात येईल की थोडा वेळ जाणारच. वॉचमन असेल तर गेटवर दोन सेकंद थांबावं लागतं. प्रश्न आहे तो दोन सेकंदांचे वीस सेकंद का होतात, हा.

लाहोर ते मंगळवार पेठ

थोडं मागे जाऊ, कारण या गोष्टीत आपल्या घरचं एक पान आहे. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारुक अल्वी या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा आणि फ्लॉपी या हातातून त्या हातात गेली की पसरायचा.

तिकडे पुण्यात, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर आणि नंतर कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करत होते. मंगळवार पेठेत त्यांचं छोटं दुकान होतं. त्यांनी धाकटे भाऊ संजय यांना कॉम्प्युटरचं शिक्षण घ्यायला लावलं. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशिनांत व्हायरस असायचे. ते काढण्यासाठी संजय यांनी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच १९९५च्या सुमारास 'क्विक हील' बाजारात आला. कंपनीचं नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं. २००७ साली ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात आली.

ही गोष्ट सांगायचं कारण असं की आपल्या मनातला अँटीव्हायरस अजून त्याच काळातला आहे. दुकानातून डबी आणायची, सीडी टाकायची, दर वर्षी नवी की भरायची. त्या काळी ते बरोबरच होतं, कारण विंडोजमध्ये स्वतःचं संरक्षण जवळपास नव्हतं. पेन ड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा. सायबर कॅफेतून आलेला पेन ड्राइव्ह म्हणजे साथीचा रोगच. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हची ही आपोआप चालू होण्याची सोय बंद झाली आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसा अपडेट दिला गेला. म्हणजे धोका संपला नाही, पण त्याची वाट बदलली. निवड करताना आपणही बदलायला हवं.

आधी बघा, हळूपणा कुणामुळे आहे

औषध देण्याआधी निदान करू. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील. कॉम्प्युटर सुरू केल्यावर पाच मिनिटं फक्त बघत बसा.

डिस्कचा रकाना सतत शंभर टक्क्यांना टेकलेला असेल आणि मशिनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तीच. फिरणारी डिस्क वेगवेगळ्या जागी विखुरलेल्या छोट्या फाइली सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकते. एसएसडी हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. अँटीव्हायरसचं कामच मुळी हजारो छोट्या फाइली वाचण्याचं. त्यामुळे फिरणाऱ्या डिस्कवर कुठलाही अँटीव्हायरस जड वाटतो. बंगळूरमध्ये एसपी रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एसएसडी बसवून मिळते. अँटीव्हायरसच्या दोन-तीन वर्षांच्या वर्गणीऐवजी तोच पैसा इथे घातला, तर फरक पहिल्या दिवसापासून दिसतो.

मेमरीचा रकाना नव्वद टक्क्यांच्या वर असेल आणि रॅम चार जीबी असेल, तर ब्राउझरमधल्या उघड्या टॅब आणि कमी रॅम यांचा तो परिणाम आहे. रॅम आठ जीबी करा.

तिसरी गोष्ट फार घरांत सापडते, ती म्हणजे दोन अँटीव्हायरस. नवीन लॅपटॉपवर कंपनीने टाकलेला चाचणीचा अँटीव्हायरस असतो. त्याची मुदत संपते. मग दुकानदार दुसरा टाकून देतो, पहिला तसाच. आता गेटवर दोन वॉचमन आहेत, दोघेही प्रत्येक पाहुण्याला थांबवतात आणि मधूनमधून एकमेकांवरही संशय घेतात. विंडोज सिक्युरिटी उघडा, सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' बघा. तिथे सध्या कोण पहारा देतंय ते कळेल. एकच ठेवा. दुसरा काढताना त्याच कंपनीच्या वेबसाइटवरचं काढून टाकण्याचं खास साधन वापरा, कारण साध्या अनइन्स्टॉलनंतर काही तुकडे मागे राहतात आणि तेच पुढे त्रास देतात.

विंडोजमधला डिफेंडर पुरतो का?

बहुतेक घरांसाठी माझं उत्तर आहे, हो, पुरतो.

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाचा मोफत अँटीव्हायरस दिला. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच आला. सुरुवातीला तो चाचण्यांत मागे पडायचा. आता तसं राहिलेलं नाही. त्याला वेगळे पैसे लागत नाहीत, वर्गणी संपत नाही आणि नूतनीकरणाच्या सूचना येत नाहीत. वर्गणी न संपणं ही ज्येष्ठांच्या घरात फार मोठी गोष्ट आहे.

त्याच्या मर्यादाही सांगतो. त्याची बरीच ताकद इंटरनेटवरून विचारण्यात आहे. जिथे नेट सतत जातं आणि पेन ड्राइव्हची ये-जा जास्त असते, तिथे तो थोडा कमी पडू शकतो. शिवाय मोठं फोल्डर कॉपी करताना किंवा नवा प्रोग्रॅम बसवताना तो जाणवतो. टास्क मॅनेजरमध्ये 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' या नावाने दिसतो तो हाच. काही मिनिटं तो वर चढला तर घाबरू नका. तासन्‌तास वरच राहिला तर पुढे सांगितलेल्या सेटिंग्ज तपासा.

विकत घ्यायचाच असेल तर

तीन प्रकारच्या घरांना विकतचा अँटीव्हायरस घेण्यात अर्थ आहे. एक, जिथे घरातूनच सीए, टायपिंग, झेरॉक्स किंवा प्रिंटिंगचा व्यवसाय चालतो आणि दिवसभर परक्या लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात. दोन, जिथे मुलांसाठी वेळेची आणि वेबसाइटची बंधनं एका जागेवरून हवी आहेत. तीन, जिथे अडचण आली तर फोनवर मराठीत किंवा हिंदीत बोलणारं कुणीतरी हवं आहे. तिसरं कारण तांत्रिक नाही, पण खरं आहे.

मग निवडायचा कसा? दुकानदाराच्या कमिशनवरून नको आणि जाहिरातीवरूनही नको. दोन स्वतंत्र प्रयोगशाळांचे अहवाल मोफत वाचता येतात. जर्मनीतली एव्ही-टेस्ट घरगुती विंडोजच्या अँटीव्हायरसना तीन विषयांत गुण देते: संरक्षण, कामगिरी आणि वापरण्यातली सोय. प्रत्येकी सहा, एकूण अठरा. लोक फक्त अठरा हा आकडा बघतात. तुम्ही मधला, कामगिरीचा रकाना बघा. आपला वेगाचा प्रश्न तिथे आहे.

दुसरी संस्था ऑस्ट्रियाची, इन्सब्रुकमधली एव्ही-कम्पॅरेटिव्ज. ती वेगासाठी वेगळी चाचणीच घेते. फाइली कॉपी करणं, झिप करणं, प्रोग्रॅम बसवणं, प्रोग्रॅम उघडणं, डाउनलोड करणं, वेबसाइट बघणं, ही रोजची कामं अँटीव्हायरससह आणि अँटीव्हायरसशिवाय करून फरक मोजते. तिथला 'इम्पॅक्ट स्कोअर' जितका कमी, तितका अँटीव्हायरस हलका. मी मुद्दाम पहिला-दुसरा नंबर सांगत नाही. प्रत्येक नव्या अहवालात क्रम हलतो. एकाच अहवालावर न जाता लागोपाठचे तीन बघा आणि तिन्हीत वरच्या गटात असलेली दोन नावं निवडा. एखाद्या कंपनीचं नाव यादीत नसेल तर ती वाईटच असं नाही, फक्त तुलना करायला आपल्याकडे आकडे नाहीत. आपल्या इथल्या कंपन्यांना, म्हणजे पुण्याची क्विक हील, मुंबईची ई-स्कॅन, चेन्नईची के-सेव्हन, यांनाही हीच कसोटी लावा.

घेताना आणखी दोन गोष्टी. पहिल्या वर्षाची किंमत नव्हे, दुसऱ्या वर्षाची किंमत विचारा आणि आपोआप नूतनीकरण बंद करता येतं का ते बघा. दुसरं, मोठं पॅकेज घेऊ नका. व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणारा, कॉम्प्युटर 'साफ' करणारा, ब्राउझरमधली पट्टी, हे सगळं एका डबीत येतं आणि प्रत्येक जण रॅममध्ये स्वतःची खुर्ची टाकून बसतो. मूळ अँटीव्हायरस हलका असतो, ही वऱ्हाडी मंडळी जड असतात. सगळ्यात साधं, स्वस्त पॅकेज बहुधा सगळ्यात हलकं असतं.

फुकट मिळतो, त्याचं काय?

बाहेरचा फुकटचा अँटीव्हायरस घेताना त्या कंपनीची कमाई कशी होते, हा प्रश्न विचारा. अव्हास्ट हे मोफत अँटीव्हायरसमधलं फार मोठं नाव. तिच्या जंपशॉट या उपकंपनीमार्फत वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली जात होती, हे २०२० च्या सुरुवातीला उघड झालं. जंपशॉट बंद करावी लागली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच प्रकरणात १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. वॉचमनच घरात कोण येतं-जातं याची वही विकत होता, असा हा प्रकार. डिफेंडर असताना दुसरा फुकटचा घेण्याचं सबळ कारण मला दिसत नाही.

एक मोफत गोष्ट मात्र जरूर वापरा. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. तिथे भारतीय अँटीव्हायरस कंपन्यांनी बनवलेली तपासणीची साधनं मोफत मिळतात. शंका आली की एकदा चालवायची. ती कायमच्या पहाऱ्याची जागा घेत नाहीत.

तुमच्याच मशिनवर चाचणी घ्या

प्रयोगशाळेचं मशीन वेगळं, तुमचं वेगळं. म्हणून चाचणीची मोफत मुदत वापरा आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच घ्या. तीन वेळा मोजायच्या आहेत: बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत लागणारा वेळ, एक-दोन जीबीचं फोटोंचं फोल्डर दुसरीकडे कॉपी व्हायला लागणारा वेळ आणि तुमच्या बँकेचं पान उघडायला लागणारा वेळ. प्रत्येक गोष्ट तीनदा करा, सरासरी कागदावर लिहा. आधी डिफेंडरवर, मग नव्या अँटीव्हायरसवर.

यात एक गोम आहे. बसवल्याच्या पहिल्या दिवशी मोजू नका. नवा अँटीव्हायरस पहिल्यांदा प्रत्येक फाइल बघतो, ओळख करून घेतो आणि न बदललेल्या फाइलींची नोंद ठेवतो. दुसऱ्या वेळी तो त्यांना लवकर सोडतो. नवा वॉचमन पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या रहिवाशांनाही अडवतो, तसंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा आकडा खरा.

सेटिंग्ज: चार छोटे बदल

पहिला बदल, पूर्ण तपासणीची वेळ. बरेच अँटीव्हायरस ती रात्री ठरवून ठेवतात. घरचा लॅपटॉप रात्री बंद असतो. मग काही प्रोग्रॅम राहून गेलेली तपासणी सकाळी मशीन चालू होताच सुरू करतात आणि नेमकं तेव्हाच बाबांना बँकेचं काम असतं. ही वेळ रविवारी दुपारी जेवणाची ठेवा, मशीन चालू आणि चार्जरला लावलेलं असताना.

दुसरा बदल, सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात जाऊन अँटीव्हायरस सोडून नको ते बंद करा. अनेकदा अँटीव्हायरसला मिळणाऱ्या शिव्या यांच्या वाट्याच्या असतात.

तिसरा बदल, सूट देताना काळजी. काही फोल्डर तपासू नको असं सांगता येतं. डाउनलोड फोल्डरला आणि पेन ड्राइव्हला ही सूट कधीही देऊ नका. चोर नेमके तिथूनच येतात.

चौथा बदल, विंडोज सिक्युरिटीमधलं रॅन्समवेअर संरक्षण. 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या कागदपत्रांत आणि फोटोंत बदल करता येत नाही. क्वचित एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमलाही तो अडवतो, तेव्हा त्याला परवानगी द्यावी लागते. ज्येष्ठांच्या मशिनवर हे आपणच बसून एकदा लावून द्यावं.

अँटीव्हायरस जे करू शकत नाही

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर हाहाकार केला. त्याने वापरलेलं विंडोजमधलं भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, ते सापडले. अँटीव्हायरस हा पहारेकरी आहे, तुटलेली भिंत तो बांधत नाही.

म्हणूनच विंडोज १०चा मुद्दा महत्त्वाचा. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची एक योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, पण तिच्यात नाव नोंदवावं लागतं. मशीन विंडोज ११ घेत असेल तर बदला. घेत नसेल आणि फक्त ब्राउझर व बँक एवढंच काम असेल, तर लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली टाकून द्या. जुन्या, अपडेट न होणाऱ्या विंडोजवर महागडा अँटीव्हायरस हा खर्च वाया.

आणि दुसरं, फोनवरचा माणूस. स्क्रीनवर लाल चौकट येते, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा." किंवा ईमेल येतो की तुमच्या अँटीव्हायरसचं नूतनीकरण झालं, इतके हजार कापले जातील, नको असेल तर फोन करा. फोन केला की समोरचा स्क्रीन बघण्याचं अॅप टाकायला सांगतो. तो प्रोग्रॅम चांगल्या कंपनीचा असतो, तुम्ही स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे अँटीव्हायरस गप्प बसतो. घरात एकच नियम सांगून ठेवा: कॉम्प्युटरने दिलेल्या नंबरवर कधीही फोन करायचा नाही, आधी मुलाला किंवा मुलीला करायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवायचं. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

थोडक्यात

एका मशिनवर एकच अँटीव्हायरस. टास्क मॅनेजरमध्ये आधी निदान. फिरणारी डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीवर. बहुतेक घरांना डिफेंडर आणि वेळेवर अपडेट पुरेसे. विकत घ्यायचा तर कामगिरीचा रकाना बघून, साधं पॅकेज, दुसऱ्या वर्षाची किंमत विचारून. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर, आणि तो ड्राइव्ह एरवी काढून ठेवलेला.

हे सगळं करायला एक दुपार लागते. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ती दुपार आई-बाबांच्या कॉम्प्युटरसाठी काढा. आणि कुणी "अँटीव्हायरस काढून टाकतो" म्हणालं, तर त्याला विचारायला सांगा, "काढून त्याच्या जागी काय ठेवणार आहात?"

भेटू पुढच्या भागात.